रणघोषातला 'की'

बेळगावच्या कॅम्प भागात मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रावर नव्या जवानांची कसम परेड होते तेव्हा मैदानावरून एक घोष उठतो. एकजण खड्या आवाजात 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की' असे म्हणतो आणि शेकडो गळ्यांतून एकच शब्द बाहेर पडतो, 'जय!' बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातल्या वाचकांना हा घोष समजावून सांगावा लागत नाही. कोणाचा भाऊ, कोणाचा चुलता, कोणाचा आजा त्या मैदानावर उभा राहून आलेला असतो. गावात ज्याला सगळे 'मेजर' म्हणतात तो पलटणीत नेमका हवालदार होता की सुभेदार, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

मध्यंतरी आमच्या समितीच्या बैठकीत शिवजयंतीच्या फलकांचा विषय निघाला. तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने मुद्दा मांडला, 'आपण मराठीच्या हक्कासाठी एवढी वर्षे भांडतो, कुठल्याच भाषेची सक्ती नको म्हणतो आणि आपली सर्वांत मोठी घोषणाच हिंदीत देतो. 'की जय' ही सरळ हिंदी आहे. मग 'छत्रपती शिवाजी महाराजांचा विजय असो' असे का लिहू नये?' कोणी हसले, कोणी 'चालत आले आहे ते चालू द्या' म्हणाले. पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी वर्गात व्याकरण शिकवणारा माणूस, मला तो रास्तच वाटला. मात्र त्याचे पुरते उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात मिळत नाही. त्यासाठी थोडे पलटणीच्या इतिहासात शिरावे लागते.

'जय' पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?

आधी व्याकरण. 'जय' आणि 'विजय' हे दोन्ही शब्द संस्कृतात पुल्लिंगी. मराठीने त्यांचे लिंग बदलले नाही. आपण 'जय झाला', 'विजय मिळाला' असेच म्हणतो. हिंदीत मात्र हे शब्द स्त्रीलिंगी झाले, म्हणून हिंदी भाषिक 'महाराज की जय' म्हणतो. मराठीच्या नियमाने 'महाराजांचा जय' व्हायला हवे. म्हणजे आपला कार्यकर्ता व्याकरणाच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण घेऊन जाईल.

पण वाचकहो, एकदा उठून उभे राहा आणि दोन्ही घोषणा मोठ्याने देऊन पाहा. 'विजय असो' यातल्या 'असो'त इच्छा आहे. विजय व्हावा, अशी ती सदिच्छा झाली. निवेदनाच्या शेवटी, सभेच्या समारोपाला ती शोभते. 'की जय'मध्ये इच्छा नाही, पुकारा आहे. शिवाय घोष देणारा 'की' हवा तेवढा लांबवतो. तेवढ्या वेळात बाकीचे सगळे छाती भरून श्वास घेतात आणि मग 'जय' हा आखूड शब्द एकाच झटक्यात बाहेर पडतो. आरंभीचा 'बोल' हा तर हुकूमच आहे, तोही एकवचनी. पलटण कितीही मोठी असो, हाक एकेकट्या शिपायाला घातलेली असते. ही सगळी रचना उच्चाराच्या सोयीने घडलेली आहे, लिंग-वचनाच्या सोयीने नव्हे.

आणि हा 'की' काही एकट्या लष्कराने आपल्याकडे आणलेला नाही. आपल्या गावातले भजन संपते तेव्हा टाळ खाली ठेवण्याआधी सगळे काय म्हणतात? 'पंढरीनाथ महाराज की जय.' हरिपाठ शुद्ध मराठीत म्हणणारा वारकरी शेवटी 'की' म्हणतो आणि त्यावर आजवर कोणी बोट ठेवलेले नाही. मराठी संतांना हिंदीचे वावडे नव्हते. संत नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, ती काही मराठीत नाहीत. साधू, गोसावी, बैरागी, कीर्तनकार देशभर हिंडत आणि हिंडणाऱ्या माणसाच्या तोंडी अशी चार भाषांची सरमिसळ होतेच.

दुसरी वाट छावणीची. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सर्वांत जुन्या पलटणी १७६८ सालापासूनच्या, ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत उभ्या केलेल्या. पहिलीचे लाडके नाव 'जंगी पलटण', दुसरीचे 'काली पाँचवीं'. यात 'जंगी' फारसी, 'पलटण' युरोपातून आलेला आणि 'पाँचवीं' हिंदी. ही 'पाँचवीं' म्हणजे मुंबई फौजेतली पूर्वीची पाचवी पलटण. बलुचिस्तानातल्या काहूनच्या गढीत १८४० मध्ये तिने वेढा झुंजवला, म्हणून १८४१ मध्ये तिला 'लाइट इन्फंट्री' हा मानाचा किताब मिळाला. आज सगळी रेजिमेंट तो अभिमानाने लावते.

इंग्रज अधिकाऱ्याला शिपायाशी बोलायचे तर हिंदुस्थानी यावी लागे. तिची परीक्षाच असे. कोकणातला, देशावरचा, आपल्या भागातला शिपाई घरी मराठी बोले, पण पलटणीत साहेबाशी आणि इतर जातीजमातींच्या सैनिकांशी हिंदुस्थानीत बोले. लष्करात ही भाषा रोमन लिपीत लिहिली जाई, तिला 'रोमन उर्दू' म्हणत. 'रंगरूट' हा शब्द आपल्या बोलीत आला तो याच वाटेने. अशा मिश्र भाषेच्या वातावरणात घोष जन्मला तर त्यात 'की' असणे ओघानेच आले.

केरेन आणि सेनिओ

हा घोष नेमका केव्हा जन्मला? पुष्कळांना वाटते, तो थेट शिवकाळापासून चालत आला असावा. तसे नाही. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या मराठी फौजांचा घोष म्हणून बखरींतून भेटतो तो 'हर हर महादेव'. पानिपतावर समोरून 'दीन दीन' आणि इकडून 'हर हर महादेव' हे चित्र आपल्या शाळकरी वयापासून मनात बसलेले आहे. (त्या दिवशी मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारदीचे मुसलमान शिपाई मरेपर्यंत लढले, हे चित्रात बसत नाही म्हणून आपण विसरतो. घोषांवरून माणसांची वाटणी करू पाहणाऱ्यांनी गारद्यांचा विचार जरूर करावा.)

महाराजांच्या नावाच्या घोषाबद्दल रेजिमेंटमध्ये सांगितले जाते ते असे, की १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत तो प्रथम उठला आणि तिथून तो साऱ्या रेजिमेंटचा झाला. केरेन हे डोंगरांनी वेढलेले गाव. इटालियन सैन्य उंच टेकड्यांवर पक्के ठाण मांडून बसलेले आणि खालून चढून जाणाऱ्यांना ना आडोसा ना पाणी. फेब्रुवारीत सुरू झालेली ही झुंज २७ मार्च १९४१ ला केरेन पडले तेव्हा संपली. मराठ्यांची तिसरी पलटण या लढाईत होती. सह्याद्रीतल्या पोरांना डोंगर नवे नव्हते एवढे खरे, पण करपलेल्या कातळावर बंदूक, दारूगोळा आणि पाण्याची बाटली घेऊन चढणे आणि वरून मशीनगन चालू असणे, यात डोंगराची सवय कितीशी पुरणार? हीच तिसरी पलटण पुढे छत्रीधारी सैन्यात गेली आणि 'दुसरी पॅरा' झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलजवळ विमानातून उतरली ती हीच.

केरेनच्या घोषात एक नवलाची गोष्ट आहे, ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. १८९७ साली 'केसरी'त शिवाजी महाराजांच्या उत्सवासंबंधीचा मजकूर छापला म्हणून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. शिवाजी या नावाचा सरकारला एवढा धसका होता. त्यानंतर १९२१ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या शिवस्मारकाची कोनशिला बसली, ती राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने आणि प्रत्यक्ष प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. आणि १९४१ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचे मराठी शिपाई तेच नाव घेऊन शत्रूवर चालून गेले. ४४ वर्षांत हे नाव राजद्रोहाच्या खटल्यातून बादशहाच्या फौजेच्या रणघोषात येऊन बसले. सरकारचे मन उदार झाले असे मी म्हणणार नाही. लढणाऱ्या माणसाकडून जीव मागायचा तर त्याच्या मनातले नाव त्याच्या तोंडी येऊ द्यावे लागते, एवढे सरकारला उमगले असावे.

त्या घोषाचा सर्वांत बोलका दाखला मात्र केरेनचा नाही, इटलीतल्या सेनिओ नदीचा आहे आणि तो व्हिक्टोरिया क्रॉसच्या अधिकृत प्रशस्तीपत्रात नोंदलेला आहे. ९ एप्रिल १९४५. शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, वय २३. पहिल्या मराठा पलटणीत ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या. नदीच्या दोन्ही काठांना पुराचे उंच बांध घातलेले आणि दोन्ही बांधांत जर्मनांनी ठाणी पेरलेली. जाधव, त्यांचे कंपनी कमांडर आणि सोबतचे जवान पाण्यातून वर निघताच गोळ्यांचा मारा झाला. कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले, बाकीचे जागीच गेले. जाधवांना तेवढे काही लागले नव्हते. त्यांनी एका जखमीला उचलले, खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, चढ चढून अलीकडे आणले. मग परत गेले आणि दुसऱ्याला आणले.

इथेच थांबले असते तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. ते तिसऱ्यांदा गेले. जवळच्या मशीनगनवर धावून जाऊन आपल्या टॉमीगनने ती बंद पाडली. हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातबाँब घेतले. त्यांवर आणखी दोन ठाणी उडवली. मधे बाँब संपले तर बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून नवे घेतले. त्या काठावरची शेवटची मशीनगन गप्प झाल्यावर ते बांधावर चढले. तोफगोळे पडतच होते. तशात उघड्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांचा रणघोष दिला आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना नदी पार करायला बोलावले.

घोषाचा हा उपयोग ध्यानात घ्या. त्यात शत्रूला भिवविणे किंवा वीरश्रीचे प्रदर्शन करणे नव्हते. 'वाट मोकळी आहे, या' हा निरोपच होता. निरोप्याने आपले काम केले. धुरात आणि गलक्यात कोणत्या भाषेत काय ओरडले तर ते आपल्याच माणसाचे आहे हे मागच्यांना पटकन कळेल? पलटणीतल्या प्रत्येकाला पाठ असलेले ते शब्द होते.

मराठा रेजिमेंटचा त्या युद्धातला दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस आधीच्या वर्षीचा, माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या नाईक यशवंत घाडगे यांचा. १० जुलै १९४४, इटलीतच, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्यांच्या तुकडीतले सगळे पडले होते किंवा घायाळ झाले होते. घाडगे एकटे धावले, एकट्यानेच मशीनगनचे ठाणे संपवले आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांना हाक मारून बोलवायला मागे कोणी उभेच नव्हते.

ज्याची त्याची बोली

आपल्या लष्करातल्या इतर रेजिमेंटांचे घोष पाहिले तरी भाषेची हीच सरमिसळ दिसते. शीख पलटणींत एकजण 'जो बोले सो निहाल' म्हणतो आणि बाकीचे 'सत श्री अकाल' म्हणून उत्तर देतात. आपल्या 'बोल... जय'सारखाच हा सवाल-जवाब आहे. गढवाली 'बद्री विशाल लाल की जय' म्हणतात, डोग्रा 'ज्वाला माता की जय', राजपुताना रायफल्स 'राजा रामचंद्र की जय'. १९९९ मध्ये कारगिलच्या तोलोलिंगवर चढले ते याच रायफल्सचे जवान. कुमाऊँ रेजिमेंटच्या अहिर जवानांचा 'दादा किशन की जय' हा घोष १९६२ च्या रेझांग ला लढाईशी जोडला गेला आहे. सगळीकडे 'की' आहे आणि बहुतेक ठिकाणी देव आहे. माणसाच्या नावाचा घोष विरळा. बिहार रेजिमेंट बिरसा मुंडांचा जयघोष करते आणि आपली मराठा रेजिमेंट शिवाजी महाराजांचा.

गोरख्यांनी मात्र आपली भाषा सोडली नाही. 'जय महाकाली, आयो गोरखाली.' काली मातेचा जय असो, गोरखे आले! यात 'आयो' हे क्रियापद नेपाळी आहे. शब्द इतके साधे की ऐकणाऱ्याला भाषा न कळताही अर्थ कळावा. मद्रास रेजिमेंटची गंमत निराळी. तमिळ, मल्याळी, तेलुगू आणि कानडी घरांतले जवान तिथे एकत्र असतात. त्यांचा घोष 'वीर मद्रासी, अडि कोल्लु, अडि कोल्लु', म्हणजे हाण, मार. तेलुगू आणि कानडी जवान तो तितक्याच जोराने देतात. त्यांच्यापैकी कोणी हा घोष आपल्या मातृभाषेत नाही म्हणून हटून बसल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आणखी एक घोष आपल्याच बेळगावशी जोडलेला आहे, पण आपण त्याची आठवण क्वचितच काढतो. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महार समाजाची सैन्यभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये एक महार पलटण उभी केली आणि काम झाल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, ती आपल्या बेळगावात. केरेननंतर अवघ्या सहा महिन्यांनी. तिचा घोष आहे, 'बोलो हिंदुस्तान की जय'. त्यात ना देव ना राजा, थेट देशाचे नाव. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले गेले त्यांनी जय कोणाचा म्हटला, हे वर्गात शिकवावे असे आहे. मी शिकवतो. रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे, पण जन्मगाव आपले आहे.

शुद्धतेचा प्रश्न निघालाच आहे तर आणखी एका घोषाचे नाव घेतो. होळकरांच्या आणि असंख्य मराठी घरांच्या कुलदैवताचा तो जयघोष, 'येळकोट येळकोट जय मल्हार'. यातला 'येळकोट' कानडी 'येळु कोटि'वरून, म्हणजे 'सात कोटी'वरून आला असे दैवतांचे अभ्यासक सांगतात. कर्नाटकातल्या मैलारच्या जत्रेत भक्तांच्या तोंडी तो आजही कानडीत ऐकू येतो. म्हणजे उत्तरेकडून 'की' आला आणि दक्षिणेकडून 'येळु' आला. मराठीने दोन्ही पोटात घातले आणि तिचे काही बिघडले नाही. कानडी भाषेशी आपले भांडण कधीच नव्हते, भांडण सक्तीशी आहे. हे आपण भाषणात म्हणतो, पण घोषणा देताना विसरतो.

आपल्या चळवळीतली घोषणाच पाहा ना. 'रहेंगे तो महाराष्ट्र में, नहीं तो जेल में.' ही घोषणा देत सीमाभागातल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. ती मराठीत नाही म्हणून तिची धार कमी झाली का? ज्याला आपण इंग्रजीत 'स्लोगन' म्हणतो तो शब्दही स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून आला आणि मुळात त्याचा अर्थ 'सैन्याची आरोळी' असा आहे. रणांगण आणि मोर्चा यांचे नाते शब्दातच आहे. म्हणून बैठकीत मी सांगितले, 'की' राहू द्या. ज्या घोषावर सेनिओच्या काठी मागच्या कंपन्या नदी उतरून आल्या, त्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार व्याकरणाच्या मास्तराला नाही.

पत्रातली मराठी

पण त्याच बैठकीत मी दुसराही मुद्दा काढला आणि तो काहींना झोंबला. फलकाचा नमुना आला होता, त्यावर 'छत्रपती'ऐवजी 'छञपती' छापलेले. 'त्र' म्हणजे त अधिक र. 'ञ' हा च-वर्गातला अनुनासिक, 'चंचल'मधल्या अनुस्वाराचा उच्चार. दोघांचा दुरूनही संबंध नाही. तरी गाड्यांच्या काचांवर, कमानींवर, वाढदिवसाच्या डिजिटल फलकांवर सर्रास 'छञपती' दिसते. 'की' हिंदी आहे म्हणून तावातावाने बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही नजरेला तो 'ञ' खुपला नव्हता. घोषणा तोंडपाठ आहे, पण ती लिहायची वेळ आली की महाराजांची पदवीच चुकते.

मला काळजी आहे ती या ठिकाणी. मी नोकरीला लागलो तेव्हा, नव्वदच्या दशकात, गावात जवानांची पत्रे येत. वर 'द्वारा ५६ ए.पी.ओ.' असा पत्ता. जवान काश्मिरात आहे की नागालँडात, हे त्यावरून कळत नसे. घरात वाचता येणारे कोणी नसले की म्हातारी पत्र घेऊन शाळेत येई. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिल चालू असताना, अशी पत्रे वाचताना माझाच आवाज कापे. वाटे, आता यात काय असेल. आणि असे काय? भाताची लावणी झाली का, म्हैस व्याली का, धाकटीच्या फीचे पैसे पोचले का, अण्णांच्या गुडघ्याला तेल लावता का. एकाही पत्रात मी 'की जय' वाचले नाही. बर्फात उभा राहून जो दिवसा हिंदीत हुकूम ऐकत होता आणि वेळ आली तर हिंदी वळणाचा घोष देणार होता, तो रात्री आईला लिहायला बसे तेव्हा नितळ मराठीत लिही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असत, पण 'तीर्थरूप आईस शिरसाष्टांग दंडवत' यात चूक नसे. घोष पलटणीचा होता, पत्र त्याचे स्वतःचे होते.

आज पत्रे नाहीत, मोबाइल आहेत. जवान व्हिडिओ कॉल करतो, आईला त्याचे तोंड दिसते, याहून मोठे सुख नाही आणि त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. पण तो लिहितो तेव्हा मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो. साहेबाच्या सोयीसाठी एकेकाळी लष्करात हिंदुस्थानी रोमन लिपीत लिहीत असत. आपली मुले मराठी त्याच लिपीत लिहितात, तेही कोणी सांगितलेले नसताना. मराठी शाळांचे वर्ग रोडावत आहेत हे प्रत्येक गावाला दिसते आहे. पालकांना दोष देऊन उपयोग नाही, नोकरीची वाट त्यांना जिकडे दिसते तिकडे ते पोराला घालतात.

त्यातही एक व्यवहाराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून होते आणि मैदानी चाचणीच्या आधी संगणकावर लेखी परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा आता हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी आणि कानडीसह इतर भारतीय भाषांतही देता येते. म्हणजे आपल्या पोरांना हक्काची भाषा मिळाली आहे. पण अर्ज भरताना भाषेच्या रकान्यापाशी मुले अडखळतात, हे मी पाहतो. मराठी बोलता येते, परंतु प्रश्न मराठीत वाचून दिलेल्या वेळेत समजेल याची त्यांना खात्री वाटत नाही. इंग्रजीची तर त्याहून नाही. मग कोणी हिंदी निवडतो, कोणी मित्राने निवडली ती. पळण्यात पहिला येणारा मुलगा या रकान्यापाशी मागे पडू नये, असे मला वाटते.

म्हणून आमच्या गावात दर रविवारी सकाळी, पहाटे पळायला जाणारी मुले परत आली की तासभर त्यांना शाळेत बसवतो. आधी उतारा वाचायचा, मग त्यावरचे प्रश्न घड्याळ लावून सोडवायचे. वाचायला काय घ्यावे हा प्रश्न होता, पाठ्यपुस्तकाला ती कंटाळतात. दोन घरांनी आपल्याकडची जुनी ५६ ए.पी.ओ.ची पत्रे दिली आहेत, सध्या तीच वाचतो आहोत.